फ्लिटचे जाहिरातपट कोणाच्या खात्यात धरायचे?

रेघोटी: डासांवर फवारायच्या हातपंपाला आपल्याकडे ‘फ्लिटचा पंप’ म्हणत. हे नाव न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या कीटकनाशकाचे. 1928 मध्ये थिओडोर गायझेल, म्हणजेच पुढे बालपुस्तकांमुळे गाजलेले डॉ. स्यूस, यांचे एक व्यंगचित्र ‘जज’ साप्ताहिकात आले: सगळ्या किल्ल्यात फ्लिट फवारूनही ड्रॅगन शयनगृहात शिरला म्हणून वैतागलेला सरदार. त्यावरून मिळालेले जाहिरातीचे काम त्यांना सतरा वर्षे पुरले, आणि 1931 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्यांच्या कल्पनांवर दोन छोटे ॲनिमेशनपटही काढले. माझ्या मते हे पट गायझेल यांच्या कलाकृतींत धरू नयेत, कारण छापील चित्राची गंमत एका गोठलेल्या क्षणात आणि त्याखालच्या एका ओळीत असते. पडद्यासाठी लागणारी हजारो चित्रे मात्र दुसऱ्यांचे हात काढतात.

कुंचला: हात कोणाचा, एवढ्यावरच निकाल लावायचा असेल तर फारच थोडे चित्रपट कोणा एकाचे ठरतील. ते विचित्र प्राणी आणि घाबरून फ्लिट मागवणारी माणसे गायझेल यांच्या डोक्यातून आली होती, आणि प्रेक्षकही त्यांनाच ओळखत होता.

जुनी चौकट: प्रेक्षक ओळखतो म्हणून श्रेय द्यायचे, ही सवय या व्यवसायाला फार आधी लागली. जॉर्ज मॅकमॅनस यांच्या ‘न्यूलीवेड्स’ या चित्रमालिकेवरचे ॲनिमेशनपट 1913 पासून एमिल कोल यांनी अमेरिकेत केले, पण जाहिरातींत नाव झळकले मॅकमॅनस यांचे. आणि कोल काही नवखे नव्हते. तेही मुळात व्यंगचित्रकारच, शिवाय अगदी सुरुवातीच्या ॲनिमेशनपटांत गणला जाणारा 1908 चा ‘फँटास्मागोरी’ त्यांचा.

कुंचला: कोल यांच्यावर अन्याय झाला, हे मान्य, पण त्याची भरपाई त्यांचे नाव जोडून करावी, मॅकमॅनस यांचे खोडून नव्हे. गायझेल यांच्या बाबतीत तर जाहिरात बाजूला काढताच येत नाही. इतर कामांवर बंधने घालणाऱ्या स्टँडर्ड ऑइलच्या करारात बालपुस्तकांना मनाई नव्हती, म्हणून आपण तिकडे वळलो, असे ते स्वतःच सांगत.

रेघोटी: मग खात्यात सगळेच धरा. फ्लिटच्या चित्रांत कृष्णवर्णीयांची जी हिणकस थट्टा आहे, तीही त्यांच्याच नावावर राहील. ‘ते कंपनीचे काम होते’ ही पळवाट त्या वेळी चालणार नाही.

कुंचला: ती पळवाट मला नकोच आहे.