संशोधन-पुराव्याच्या पातळ्या आणि इंट्राकॅथ बदलण्याचा प्रश्न

प्रश्न – स्टाफ नर्स, सोलापूर

मी सोलापुरातील एका रुग्णालयाच्या मेडिसीन वॉर्डात काम करते आणि सोबत पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यास करीत आहे. पुराव्याच्या सात पातळ्या मला पाठ आहेत. सर्वांत वर यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचा (रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेल्या तुलनांचा) पद्धतशीर आढावा, म्हणजे अशा सर्व चाचण्या शोधून केलेले एकत्रित मूल्यमापन, आणि सर्वांत खाली तज्ज्ञांचे मत. अडते ते वापरताना. आमच्याकडे प्रौढ रुग्णांचा इंट्राकॅथ (सलाईन व औषधासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) ७२ तासांनी बदलण्याची रीत आहे, तर कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यानुसार तो गरज भासल्यावरच बदलला तरी चालते. इन्चार्ज सिस्टरना हे दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, "हे आपल्या वॉर्डाला लागू आहे कशावरून?" आढावा पहिल्या पातळीचा असताना हा प्रश्न उरतोच कसा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – नर्सिंग अध्यापिका

सिस्टर, तुमच्या इन्चार्ज मॅडमचा प्रश्न रास्त आहे. पातळीवरून अभ्यासाची रचना कळते. तो कोणावर झाला, किती काटेकोरपणे झाला आणि त्यात नेमके काय मोजले, हे अभ्यास उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली ऑस्ट्रेलियातील चाचणी घ्या. तीत ३,२८३ रुग्ण होते आणि ठरावीक वेळाने इंट्राकॅथ बदललेल्या व गरजेनुसार बदललेल्या, अशा दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचे प्रमाण ७ टक्केच निघाले. सुजेपुरता हा निष्कर्ष भक्कम आहे. रक्तातील जंतुसंसर्ग मात्र इतका विरळा, की एवढ्या रुग्णांतही त्याची प्रकरणे बोटांवर मोजण्याइतकी सापडतात आणि तेवढ्यावरून दोन्ही पद्धती त्या बाबतीतही सारख्याच सुरक्षित आहेत, असे म्हणता येत नाही.

उत्तर – संसर्ग नियंत्रण परिचारिका

मॅडमच्या मुद्द्याला जोडून सांगते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी २०१८ मध्ये ९६ तासांचा नियम सोडून गरजेनुसार बदलण्याची पद्धत स्वीकारली. चार लाखांहून अधिक इंट्राकॅथच्या नोंदी तपासल्यावर त्या काळात रक्तातील जंतुसंसर्ग वाढल्याचे आणि जुना नियम परत आणल्यावर तो उतरल्याचे दिसले. हा निरीक्षणात्मक अभ्यास, म्हणजे रुग्णांचे गट न पाडता केवळ नोंदी पाहणारा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उतरंडीत तो चाचणीच्या खालीच बसतो, पण विरळा घडणारी गोष्ट दिसायला एवढी मोठी संख्याच लागते.

शिवाय गरजेनुसार बदलायचे, तर दर पाळीत कोणीतरी लाली, सूज, दुखणे आणि गळती पाहिली पाहिजे. रात्रपाळीला एकट्या सिस्टरवर भरलेला वॉर्ड असेल, तर हे खरोखर होते का? एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, घामाने चिकटपट्टी सुटते, आणि पारदर्शक ड्रेसिंगऐवजी पांढरी पट्टी गुंडाळलेली असेल तर खालची लाली दिसतच नाही.

प्रश्नकर्ती

मग खालच्या पातळीचा अभ्यास वरच्यापेक्षा वरचढ ठरला, असे समजायचे का?

उत्तर – नर्सिंग अध्यापिका

नाही. तो एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि जिनिव्हात त्याच काळात बदललेल्या इतर गोष्टींचा परिणाम त्यात मिसळलेला असू शकतो. पुरावा किती विश्वासार्ह हे ठरवण्याच्या ग्रेड पद्धतीत चाचण्यांचा पुरावा 'उच्च' आणि निरीक्षणात्मक अभ्यासांचा 'कमी' धरून सुरुवात होते. पुढे पक्षपाताचा धोका, विसंगती, अप्रत्यक्षता (अभ्यासातले रुग्ण वा परिस्थिती आपल्यापेक्षा वेगळी असणे), आकड्यांची अनिश्चितता यांमुळे दर्जा घटवतात, तर परिणाम फार मोठा असल्यास वाढवतात. खालच्या पातळीचा पुरावाही कधी पुरतो: तान्ह्या बाळाला पालथे झोपवू नये, हा सल्ला मुख्यतः रुग्ण-नियंत्रण अभ्यासांवर (बाधित आणि अबाधित अशा दोन गटांची मागे वळून तुलना करणाऱ्या) उभा आहे. कारण त्याची चाचणी घेणे नैतिकदृष्ट्या शक्यच नव्हते.

तुमच्या वॉर्डापुरते सांगायचे, तर ७२ तासांचा नियम तूर्त राहू द्या आणि दर पाळीच्या तपासणीची नोंद केसपेपरवर सुरू करा. ती नियमित होऊ लागली की मगच नियम सैल करण्याचा विषय काढा. लाली दिसली तर ७२ तास भरण्याची वाट पाहू नये. अपघात विभागात घाईघाईने, निर्जंतुक पद्धत न पाळता घातलेला इंट्राकॅथ शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत बदलावा, असे अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे, आणि ते आजपासूनच करता येईल.