मदत हवी आहे: पोकर, अभ्यास आणि झोप यांचं वेळापत्रक

रातकिडा
सरळ मुद्द्यावर येतो. ऑनलाइन पोकर खेळतो. मध्यंतरी चांगलं चाललं होतं, आता आलेख सपाट झालाय. अभ्यासाला बसलो की खेळायचं राहतं, खेळलो की अभ्यास राहतो, दोन्ही केलं की झोपेचं खोबरं. सेशनच्या शेवटी तर डोकं चालतच नाही, हात नुसते बटणं दाबतात.
आठवड्याचं वेळापत्रक कसं लावायचं? अभ्यास किती टक्के, खेळ किती टक्के? 'मनापासून करा, सगळं जमेल' असले सल्ले कृपया नकोत. उद्यापासूनच सुरू करायचंय.

चौकटराजा
कॅश गेम की टुर्नामेंट? एका वेळी किती टेबलं? नोकरी आहे की हेच पूर्णवेळ? यातलं काहीच कळल्याशिवाय टक्के कसे सांगणार?

किलवर_दश्शी
माहिती येईल तेव्हा येईल, माझा अनुभव सांगतो. खेळ निम्म्यावर आणा आणि तो वेळ सॉल्व्हरला (सर्वोत्तम चाल काढून देणाऱ्या सॉफ्टवेअरला) द्या. आठवड्याला एकच प्रसंग घ्यायचा. उदा. बटणावरून (डीलरच्या जागेवरून) ओपन, बिग ब्लाइंडचा (सक्तीची मोठी पैज लावणाऱ्याचा) कॉल, कोरडा फ्लॉप (एकमेकांशी न जुळणारे पहिले तीन सामाईक पत्ते). तेवढाच घोटायचा. हातात येणाऱ्या दोन पत्त्यांच्या जोड्या १,३२६ असल्या तरी प्रकार १६९च, त्यामुळे प्रीफ्लॉपचे तक्ते थोड्या दिवसांत तोंडपाठ होतात. खरा वेळ फ्लॉपनंतरच्या खेळाला द्यावा लागतो.

इस्पिक_एक्का
असहमत. सॉल्व्हरला तुम्ही जी रेंज (समोरचा कोणकोणत्या पत्त्यांनी खेळेल तो संच) द्याल तिचंच उत्तर तो देतो. खालच्या स्टेकवर समोरचा त्या रेंजने खेळतच नाही. रिव्हरला (शेवटच्या सामाईक पत्त्याला) मोठा रेझ आला तर तिथे ब्लफ जवळजवळ नसतोच, आणि सॉल्व्हर तुम्हाला कॉल करायला लावेल. त्यापेक्षा स्वतःच्याच हँड्स (खेळलेले डाव) तपासा.

किलवर_दश्शी
समोरचा ब्लफ कमी करतोय हे कळायला मुळात किती करायला हवा होता ते माहीत नको? आणि सॉल्व्हरमध्ये त्याची रेंज बदलता येते, 'नोड लॉक' करून बघा एकदा.

बदामराणी
मला 'आलेख सपाट' इथेच अडकायला झालं. किती हँड्सचा आलेख? सिक्स-मॅक्स (सहा जणांच्या) कॅशमध्ये प्रमाण विचलन (चढउताराचं माप) दर १०० हँड्समागे साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. ९० धरलं तर १०,००० हँड्सनंतरही तुमच्या विनरेटमध्ये (सरासरी कमाईत) १०० हँड्समागे ९ बिग ब्लाइंड इकडेतिकडे होण्याइतकी अनिश्चितता उरते. १ लाख हँड्सनंतरही जवळपास ३. म्हणजे १०० हँड्समागे पाच बिग ब्लाइंडने जिंकणारा माणूस १०,००० हँड्स तोट्यात राहू शकतो. आलेख बघून वेळापत्रक बदलू नका.

मंद_वारा
दोन मॉनिटर घ्या. टेबलं एकावर एक न रचता शेजारीशेजारी मांडा आणि खुर्चीला कमरेचा आधार असू द्या. दर वीस मिनिटांनी लांबवर बघत डोळ्यांना विश्रांती द्या. मला याचा फार फायदा झाला.

रातकिडा
मॉनिटरचं विचारलं नव्हतं. असो. टुर्नामेंटच खेळतो, मला वाटलं ते कळलं असेल. सहा-आठ टेबलं. नोकरी आहे, सकाळी सहाला उठावं लागतं. घरातलं आवरलं की खेळायला बसतो. अभ्यास करतो तो खेळाचं सेशन संपल्यावर, कारण तेव्हा हँड्स ताज्या असतात.

बदामराणी
टुर्नामेंट असेल तर चढउतार आणखीच मोठे. बक्षीस साधारण १५ टक्के लोकांना मिळतं आणि त्यातला मोठा वाटा पहिल्या काही जागांना. काही महिन्यांच्या सपाट आलेखावरून काहीच ठरत नाही.

चौकटराजा
आता बोलता येईल. टक्के विसरा. कॅश गेममधून वाटेल तेव्हा उठता येतं, टुर्नामेंट कधी संपेल ते तुमच्या हातात नसतं. 'बाराला थांबायचं' असं ठरवून उपयोग नाही, कारण बाराला तुम्ही चांगल्या स्टॅकवर (भरपूर चिप्सवर) असाल तर उठणार नाही आणि उठूही नये. शेवटची नोंदणी किती वाजता करायची ते मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. नियम तिथे लावा.
लॉबीत संपलेल्या टुर्नामेंट बघा, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ असते. तुम्ही नेहमी खेळता त्यांच्या वेळा लिहून काढा. जी तुमच्या झोपेच्या वेळेआधी संपत नाही ती कामाच्या आदल्या रात्री नोंदवायचीच नाही, लेट रजिस्ट्रेशन (टुर्नामेंट सुरू झाल्यावरची नोंदणी) कितीही वेळ उघडं असू दे. आठवड्यात टर्बो (झटपट संपणाऱ्या), लांब पल्ल्याच्या टुर्नामेंट मात्र सुट्टीच्या आदल्या दिवशी. बाद झाल्यावर नवं टेबल उघडायची वेळही तीच, री-एंट्रीलाही तोच नियम.
आणि सेशननंतरचा अभ्यास आधी बंद करा. १९९७ साली डॉसन आणि रीड यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते. तुम्ही सहाला उठता, म्हणजे रात्री अकरा. तुमची टुर्नामेंट त्या वेळी बबलच्या (बक्षिसं सुरू होण्याच्या उंबरठ्याच्या) आसपास असते, जिथे आयसीएममुळे (चिप्सची बक्षिसाच्या पैशांतली किंमत काढायच्या हिशोबामुळे) एक चुकीचा कॉल सगळ्यात महाग पडतो. त्या डोक्याने त्याच रात्री हँडचा निकाल लावणार? खेळताना फक्त हँडवर खूण करा, झोपा. दुसऱ्या दिवशी खेळायला बसण्याआधी अर्धा तास, त्यातल्या दोन-तीनच. 'हरलो म्हणून वाईट' आणि 'चुकलो म्हणून वाईट' यांतला फरक तेव्हाच दिसतो.

इस्पिक_एक्का
+१. टेबलंही आठवरून चारवर आणा. आठ टेबलांवर विचार होत नाही, नुसती सवय खेळते.

किलवर_दश्शी
त्या अर्ध्या तासात पुश-फोल्डचा (सगळ्या चिप्स लावायच्या की पत्ते टाकायचे याचा) सरावही घ्या. १५ बिग ब्लाइंडखालच्या निर्णयांवरच टुर्नामेंट ठरतात.

पटावरचा_घोडा
बुद्धिबळवाले फेरी असलेल्या दिवशी विश्रांतीला किती महत्त्व देतात बघा. पण मूळ प्रश्न असा की २०१९मध्ये प्लुरिबस या पोकर खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमने सहा जणांच्या नो-लिमिटमध्ये व्यावसायिकांना हरवलं, मग माणसाने एवढा अभ्यास करून गाठायचं काय?

इस्पिक_एक्का
प्लुरिबस तुमच्या टेबलावर बसलेला नाही. आणि तो प्रत्येक हँड नव्या स्टॅकने खेळत होता, टुर्नामेंट नव्हे.

पटावरचा_घोडा
टेबलावर बसलेला नाही हे तुम्ही कशावरून सांगता? बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) सगळीकडे आहेत.

चौकटराजा
बॉटसाठी वेगळा धागा काढा, आवर्जून येईन. इथे नको.

साकल्य
@रातकिडा, एक विचारते, राग मानू नका. ज्या दिवशी खेळत नाही त्या दिवशी अस्वस्थ वाटतं का? हरलेले पैसे त्याच रात्री काढायचे म्हणून टेबल उघडलं जातं का? तसं असेल तर हा वेळापत्रकाचा प्रश्न नाही. खात्यात वेळेची आणि पैशांची मर्यादा घालता येते, ती आधी घाला, आणि घरात कुणाशी तरी बोला.

रातकिडा
राग नाही. पैसे काढायला टेबल उघडत नाही. अस्वस्थता येते ती लेट रजिस्ट्रेशन अजून उघडं दिसलं की. 'आत्ता नाही घेतलं तर गेलं' असं होतं. मर्यादा आज घालतो.
चौकटराजा, वेळा काढल्या. मी खेळतो त्यांतल्या निम्म्याअधिक कामाच्या दिवशी बसतच नाहीत, हे असं मांडून कधी बघितलं नव्हतं. पण रविवारची मोठी टुर्नामेंट सोडवत नाही. ती उशिरापर्यंत गेली तर सोमवारी काय करायचं?

किलवर_दश्शी
सोमवारी खेळ नाही, फक्त सॉल्व्हर.

चौकटराजा
सोमवारी सॉल्व्हरही नाही. संध्याकाळी चालायला जा, लवकर झोपा. रविवारच्या हँड्स मंगळवारी. आणि शक्य असेल तर सोमवारची सकाळ कामावरून आधीच मोकळी मागून ठेवा, फायनल टेबलला पोचल्यावर नव्हे.

मंद_वारा
संपलेल्या टुर्नामेंट लॉबीत दिसत नाहीयेत मला. कुठे असतात?

चौकटराजा
फिल्टरमध्ये 'पूर्ण झालेल्या' लपवायची खूण असेल, ती काढा.