देव नाही, फ्री विल (स्वतः ठरवून वागण्याची मोकळीक) पण नाही, मग नीतीचं काय?

चिकित्सक_नाना: देव मानत नाही म्हणजे याला कसला धरबंध, हे नेहमीचं ऐकून कंटाळा आलाय. आगरकरांची तर लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. र. धों. कर्वे पक्के नास्तिक, १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गेली, त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरच्या १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात स्वतः आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले तरी दंड झालाच, पण माणूस १९५३ ला जाईपर्यंत मासिक काढत राहिला. चित्रगुप्त वर वही घेऊन बसलाय म्हणून नीट वागणाऱ्याने यातलं किती केलं असतं?

देहूकर: दोन नावं घेतली की झालं सिद्ध? तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात, ती काय चित्रगुप्ताला घाबरून? भक्ती म्हणजे भीती हे तुम्हीच धरून चाललाय. आणि गंमत म्हणजे तुमच्यातलेच लोक मेंदूसंशोधक लिबेटचा १९८३ चा प्रयोग तोंडावर फेकतात, मनगट हलवायचंय हे माणसाला जाणवायच्या साधारण ३५० मिलिसेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली असते म्हणे. मग कर्व्यांनी काही ठरवलंच नाही की, न्यूरॉन्सनी ठरवलं, कौतुक कुणाचं करताय?

निशाचर: अहो मनगट हलवणं आणि नोकरीवर पाणी सोडणं एकच का? कर्वे काय ३५० मिलिसेकंदात नास्तिक झाले? शिवाय २०१२ मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलंय की ती हालचाल म्हणजे निर्णय नसून मेंदूत आपोआप होणारा चढउतारही असू शकतो.

पाली_प्रेमी: हा वाद आपल्याकडे अडीच हजार वर्षं जुना आहे. बुद्धांच्या काळातला आजीवक पंथाचा गुरू मक्खली गोसाल म्हणायचा सगळं नियती, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही. बुद्ध सृष्टिकर्ता ईश्वर मानत नव्हते तरी या मतावर सगळ्यात जास्त तुटून पडले, केसांच्या घोंगडीची उपमा दिली, थंडीत गार आणि उन्हात गरम, म्हणजे काही कामाची नाही. तेव्हा नास्तिक म्हणजे नियतीवादी हे समीकरणच चुकीचंय.

देहूकर: पण बुद्धांनी कर्माचा हिशोब ठेवलाच ना! वही तीच, फक्त चित्रगुप्ताला सुट्टी. हिशोबच नको म्हणणारे चार्वाक, त्यांच्यावर नीती उभी करून दाखवा.

चिकित्सक_नाना: दाखवतो. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन आपण काढून घेतो ते रस्त्यावरची माणसं वाचावीत म्हणून, त्याच्या आत्म्याचा निवाडा करायला नाही. त्याने ठरवून ढोसली का मेंदूनेच त्याला गुत्त्यात नेलं, याने त्या रस्त्यावरच्या म्हातारीला काय फरक पडतो? नियमाला एवढा पाया पुरतो.

देहूकर: शिक्षेचं ठीक. पण मग सत्काराचं काय? कर्व्यांना मान द्यायचा तो पण फक्त बाकीच्यांनी तसं वागावं म्हणून?

चिकित्सक_नाना: हो, त्यासाठीच. त्यात वाईट काय आहे?

देहूकर: मग तुम्ही वर त्यांच्याबद्दल एवढं भरभरून लिहिलंत, ते पण त्यासाठीच का?