ट्रेनर विमानांना ९७८ कशाला? १०९० सगळ्यांना पुरे

त्रिमूर्तीनगरची गच्ची

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पीव्हीसी पाइप बांधलाय, त्यावर अँटेना. मधली तार सात सेंटिमीटरला जराशी कमी, कारण १०९० मेगाहर्ट्झची लहर साडेसत्तावीस सेंटिमीटरची आणि तिचा चौथा हिस्सा तेवढाच भरतो. खाली टीव्हीचा म्हणून मिळतो तो यूएसबी डोंगल. एवढ्या सामानावर रात्री दोन वाजता नागपूरच्या डोक्यावरून कोण कुठे चाललंय ते दिसतं. विमानाचा ओळख-कोड ८०० ने सुरू झाला की विमान आपल्याकडे नोंदलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: याला एडीएस-बी म्हणतात. विमान उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतं आणि सेकंदाला दोनदा सगळ्यांना सांगत सुटतं. कोणी विचारायची गरज नाही.

भाचा फ्लाइंग शिकतो. त्यांच्या कॅन्टीनमध्ये वाद चाललाय की उद्या ट्रेनर विमानांत हे बसवायचंच झालं तर अमेरिकेसारखं ९७८ मेगाहर्ट्झवरचं यूएटी, म्हणजे एडीएस-बीचीच दुसरी पद्धत, घ्यावं. मला हे पटत नाही. अमेरिकेने २००२ मध्ये दोन लिंक, म्हणजे निरोपाच्या दोन रेडिओ वाटा, घेतल्या: मोठ्या विमानांना १०९० आणि छोट्यांना ९७८. १ जानेवारी २०२० पासून सक्ती आली तेव्हा १८,००० फुटांखाली दोन्ही चालतील असं ठरलं. परिणाम काय? एकाच आकाशात दोन विमानं बोलताहेत आणि एकमेकांचं ऐकू येत नाही. मधे जमिनीवरचं स्टेशन दुभाष्या होऊन एकाचं दुसऱ्याला सांगतं. स्टेशनच्या टप्प्याखाली उतरलात की दुभाष्या गेला. आणि ट्रेनर विमानं उडतात ती खालीच.

युरोपात स्वीडनने व्हीएचएफवरची तिसरी लिंक बरीच वर्षं पुढे रेटली, पण सक्ती आली ती १०९० चीच. आपल्याकडेही वरच्या थरात १०९० च आहे. मग खालच्यांची पंगत वेगळी कशाला?

वर्धा रोडचा निवृत्त

भाऊ, रडारवर आयुष्य काढलं म्हणून बोलतो. १०९० ही मुळात या कामासाठी नव्हतीच. रडार १०३० वर विचारतं, विमानातला उत्तर देणारा डबा, म्हणजे ट्रान्सपॉन्डर, १०९० वर उत्तर देतो. टक्कर टाळणारं टीकॅस, तेही तिथेच. त्याच रस्त्यावर हे एडीएस-बी आणून सोडलं, जागेचे आणि बाकीचे धरून एकेका विमानाचे सेकंदाला सहा निरोप. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सीताबर्डी मेन रोडवर चारचाकी घालून पाहा, म्हणजे कळेल. निरोप १२० मायक्रोसेकंदांचा असला तरी दोन एकावर एक आले की बहुतेक वेळा दोन्ही वाया.

यूएटी कोऱ्या कागदावर आखलेलं आहे. प्रत्येक सेकंदाचा पहिला तुकडा जमिनीवरच्या स्टेशनांना, उरलेला विमानांना. शिवाय बिघडलेला निरोप दुरुस्त करायची सोय आतच. १०९० मध्ये शेवटचे २४ बिट तपासणीचे. चुकलं एवढं कळतं, दुरुस्ती जेमतेम.

त्रिमूर्तीनगरची गच्ची

काका, ही गर्दी फ्रँकफर्ट-न्यूयॉर्कची. आपल्या डोक्यावर विमानं आहेत, पण ती बहुतेक वरून जाणारी आणि एकमेकांपासून लांब. जिथे कोंडी नाही तिथे उड्डाणपूल बांधायची हौस नागपूरला नवीन नाही म्हणा.

उड्डाण तास ८७

मी विदर्भातल्याच एका धावपट्टीवर शिकते. तुम्ही दोघं पाइपाबद्दल भांडताय, पाइपातून काय येतं ते कोणी बोलतच नाही.

एप्रिलमधली दुपार. निघताना आकाश कोरडं. चाळीस मिनिटांनी परत वळले तर धावपट्टीच्या दिशेला जांभळट भिंत उभी, खालचा काठ पांढुरका. इन्स्ट्रक्टर सर शेजारी होते म्हणून निभावलं, त्यांनी तिथूनच विमान फिरवून दुसरीकडे उतरवलं. संध्याकाळी आमच्याकडच्या शेडच्या पत्र्यावर गारांचे खड्डे मोजले आम्ही. विदर्भातली गारपीट तुम्हाला मी काय सांगायची.

अमेरिकेत ९७८ वर जमिनीवरून हवामान रडारचं चित्र फुकट येतं. १०९० वर येत नाही, येऊ शकत नाही. ११२ बिटांच्या निरोपात मजकुराला जागा ५६ बिटांची. यूएटीचं जमिनीवरून येणारं एक पाकीट ४३२ बाइटांचं. त्या दुपारी मला तुमच्या भाच्याचं विमान स्क्रीनवर दिसण्यापेक्षा तो ढग दिसायला हवा होता.

त्रिमूर्तीनगरची गच्ची

ताई, निभावलं हे वाचून बरं वाटलं. पण त्या चित्रावर फार विसंबू नका. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्येच इशारा दिला होता की पडद्यावर चित्राचं जे वय दिसतं त्यापेक्षा खरं चित्र पंधरा-वीस मिनिटं जुनं असू शकतं. तेवढ्यात आपल्याकडचा ढग गाव बदलतो. हवामान टॅबलेटवर मोबाइल नेटनेही बघता येतंच की.

उड्डाण तास ८७

पाच हजार फुटांवर नेट धरतं का ते एकदा येऊन बघा, मागची सीट रिकामी असते. चित्र जुनं असतं हे मान्य. ढगातून वाट काढायला मी ते मागतच नाही. निघावं की नाही, परतावं की नाही, एवढ्याला ते पुरतं.

आणि दुसरं, सांगणं आणि ऐकणं एकाच लिंकवर व्हावं असं कोणी ठरवलं? अमेरिकेत कितीतरी जण १०९० वर बोलतात आणि ९७८ चा फक्त रिसीव्हर ठेवतात.

त्रिमूर्तीनगरची गच्ची

हं. हे मात्र बिनतोड. बोलायला १०९०, ऐकायला ९७८, याला माझी हरकत नाही. फक्त ती स्टेशनं उभी कोण करणार आणि हवामानाचं चित्र त्यांना कोण पुरवणार, ते सांगा. लिंक निवडणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे.

गोरेवाड्याचा कावळा

काहून भांडून राह्यले बे एवढे? जीपीएसच दाबलं तर दोन्ही मुके. नाहीतर खोटं बोलणारे, ते अजून वाईट. अमृतसर-जम्मूकडे नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये जीपीएस गडबडीच्या ४६५ घटना झाल्याचं सरकारनेच संसदेत सांगितलं ना. अन् निरोपावर सही-शिक्का काहीच नाही. मी घरबसल्या म्हणलं का मी बोइंग आहे, तर ऐकणारा काय करन?

वर्धा रोडचा निवृत्त

कावळेभाऊ बरोबर बोलले, म्हणून तर रडार मोडीत काढलेलं नाही. पण इथे माझ्याच पक्षाविरुद्ध एक गोष्ट सांगावी लागेल. जीपीएस गेलं तरी १०९० चा ट्रान्सपॉन्डर रडारच्या प्रश्नाला उत्तर देतच राहतो. चार ठिकाणी तो सिग्नल पकडून वेळेच्या फरकावरून जागाही काढता येते. नुसत्या यूएटीच्या डब्याला रडारने विचारलेलं कळतच नाही, आणि टीकॅसलाही तो दिसत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी ७४७ आणि कझाक इल्युशिन आदळून ३४९ माणसं गेली, त्यानंतर टीकॅस आपल्याकडे सक्तीचं झालं. ट्रेनरला टीकॅसला न दिसणारं करून एअरबसच्या वाटेत सोडा, असं मीही म्हणणार नाही. ९७८ घ्यायचं तर सोबत ट्रान्सपॉन्डर लागतोच. म्हणजे दोन डबे.

त्रिमूर्तीनगरची गच्ची

काका, मग भांडण संपलंच की! वर उपग्रहांचंही बघा. इरिडियमच्या नव्या उपग्रहांवर बसवलेले एरिऑनचे रिसीव्हर २०१९ पासून समुद्रावरची विमानं ऐकताहेत, तेही १०९० वरच.

वर्धा रोडचा निवृत्त

संपलं कुठे? उपग्रहाला ऐकू जायला अँटेना विमानाच्या पाठीवर लागते. ट्रेनरची असते पोटाखाली. तो मुद्दा तुम्हाला मिळणार नाही.

आणि ड्रोन? फुटाळ्यावर लग्नाचं शूटिंग करणारा ड्रोन, शेतात फवारणारा ड्रोन, सगळे १०९० वर बोलायला लागले तर तुमची 'आपल्याकडे गर्दी नाही' ही गोष्ट किती वर्षं टिकेल? अमेरिकेने २०२१ च्या नियमात छोट्या ड्रोनना एडीएस-बीवर बोलायची बंदीच घातली, याच गर्दीच्या भीतीने. तेव्हा मथळ्यातलं 'सगळ्यांना' तेवढं काढा. मग मी सही करतो.

त्रिमूर्तीनगरची गच्ची

मथळा आता बदलता येत नाही. पण 'सगळ्यांना' म्हणजे माणूस बसलेल्या सगळ्यांना, असं वाचा.

गोरेवाड्याचा कावळा

वकिलाले बी लाजवलं भाऊ तुमी.

उड्डाण तास ८७

उद्या सकाळी सहा वाजता माझी सॉर्टी आहे. आमच्या विमानात अजून एडीएस-बी नाही, जुना मोड सी ट्रान्सपॉन्डर आहे. गच्चीवर काही येतं का बघाल?

त्रिमूर्तीनगरची गच्ची

पावणेसहापासून चहाचा थर्मास घेऊन बसलो होतो. मोड सीमध्ये जागा येत नाही, नुसती उंची. वरची सगळी विमानं तीस हजारांच्या पुढे, नकाशावर नावानिशी. खालची दोनच उत्तरं आली. ६:२२ ला ३,२०० फूट, ६:२४ ला २,८००. मग काही नाही. टाकीच्या दुसऱ्या बाजूला पाइप नेऊन पाहिला, तरी नाही. पण आलीस बरं का यादीत!

उड्डाण तास ८७

दादा, लॉगबुक समोर घेऊन लिहितेय. ६:१५ ते ६:४० मी ४,५०० वर होते, सरळ पातळीत. ते दुसरं कोणीतरी होतं. आम्हाला दिसलं नाही.