मदत हवी आहे: अर्विन जॅकेटच्या प्रतिकृतीतील मेंढीचे कातडे कसे पारखावे?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचे वैमानिक वापरत असलेल्या, पॅराशूटनिर्माते लेस्ली अर्विन यांनी तयार केलेल्या जॅकेटची नव्याने शिवलेली प्रतिकृती मला घ्यायची असून, तिच्या कातड्याची प्रत कशी ओळखावी याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. या जॅकेटमध्ये लोकर कातड्यावरच राखलेली असते. लोकरीची बाजू आत आणि कमावलेली बाजू बाहेर, त्यामुळे वेगळे अस्तर लागत नाही. मी पाहिलेल्या एका नमुन्यात लोकर वरून दाट वाटली, परंतु बोटांनी बाजूला सारताच मुळाशी कातडी उघडी दिसली आणि बाहेरचा तपकिरी थर घडीवर पांढुरका पडला. हा चांगल्या कातड्याला दिलेला रंग आहे, की व्रण झाकण्यासाठी चढवलेला जाड लेप, हे कसे ठरवावे? लोकरीची लांबी महत्त्वाची की घनता? मेंढीच्या पोटाकडचे कातडे पातळ व सैल असते. ते पाठीवर किंवा खांद्यावर वापरले आहे का, हे हाताला कळते का? युद्धकाळात कातडे वाचवण्यासाठी लहान तुकडे जोडूनही ही जॅकेटे शिवली गेली, त्यामुळे केवळ जास्त जोड दिसले म्हणून मी माल हलका मानत नाही. मात्र शेजारच्या तुकड्यांची जाडी जुळावी, ही अपेक्षा रास्त आहे ना? विक्रेता फक्त छायाचित्रे पाठवणार असेल, तर ती कोणत्या भागांची मागवावीत?