सणाला मंडळी लागतात : तुमचे अनुभव लिहा

आम्ही मराठी प्रोटेस्टंट लोक चर्चला 'मंडळी' म्हणतो. इमारत म्हणजे देऊळ, माणसं म्हणजे मंडळी. भायखळ्याला राहायचो तेव्हा 24 डिसेंबरच्या रात्री मंडळीतली पंधरा-वीस जणं पेटी, ढोलकी, टाळ घेऊन घरोघर गात फिरायची. विलायती चालीवरची गीतं असायचीच, पण रंग भरायचा कवी ना. वा. टिळकांच्या भजनांना. टिळकांनी 1895 साली मुंबईतच बाप्तिस्मा घेतला आणि अभंगाची वाट आमच्या उपासनेत रुंद केली. ती भजनं टाळाशिवाय मला आजही अपुरी वाटतात.

एका वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, रात्रीचे दोन वाजलेले. खालूनच गाऊन पुढे जा, असं बाबा सांगायला गेले. पण दोघांनी पेटी उचलून चार मजले वर आणली. आजीला बोलता येत नव्हतं. खाटेच्या लोखंडी दांडीवर ती दोन बोटांनी ठेका देत राहिली, गाणं संपल्यावरही.

आता आम्ही बोरिवलीला आहोत. 24 तारखेला फोनवर गाण्याची फीत येते, आणि ती ऐकून मी फोन बाजूला ठेवते. म्हणून विचारते : एका घराला एकट्याने करताच येत नाही असा कोणता सण तुमच्याकडे आहे? कोणत्याही धर्माचा चालेल.

गोराईहून

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मराठी बोलणारे कॅथलिक ख्रिस्ती. नाताळची कुलकुलं, म्हणजे तळलेला गोड खाऊ, एकट्या बाईने करून बघावीत! चार किलो पिठाच्या एवढ्याएवढ्या गोळ्या, प्रत्येक गोळी फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची. आमच्या गल्लीत पाळी ठरलेली असते : आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा मावशीकडे. म्हाताऱ्या गुंडाळतात, पोरं कच्चं पीठ चोरतात, तळणारी एकच असते आणि तिला कुणी हलवत नाही. फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ पूर्वी ताडीने फुगायचं, आता यीस्ट घालतात. चव उतरली आहे, हे मी स्पष्ट सांगते.

पण माझा खरा सण आगेरा. ऑक्टोबरचा पहिला रविवार. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग प्रत्येक घरी थोड्या लोंब्या येतात. मुंबईतल्या कितीतरी गावठाणांत आता शेतच उरलं नाही, तरी आगेरा होतो. लोंब्या मागायला कुणी आलं तर आम्ही पैसे घेत नाही.

मस्जिद बंदरचा, आता ठाणे

मी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्या घरी सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणतात. सॅम्युएल स्ट्रीटवरचं आमचं शार हारहामीम 1796 सालचं, आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मलिदा घरी होतो : भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण. पण तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, उघडून वाचायचा तर दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात.

1948 नंतर आमची माणसं इस्राएलला जात राहिली. एका सणाला आम्ही नऊच जण जमलो. तास गेला. कुणी घरी जायचं नाव काढेना. सणाच्या दिवशी वाहनात बसायचं नाही, त्यामुळे येणारा चालतच येणार. शेवटी भायखळ्याहून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक काका घामाने भिजून दारात उभे राहिले. वडील पाणी द्यायला धावले, तर काका म्हणाले, "आधी वाचा."

वरळीहून

जय भीम. आमचा वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात. आधी त्रिसरण-पंचशील, मग वाचन, आणि पौर्णिमेला सगळ्यांना खीर. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली आलेला हा ग्रंथ माझ्या आईने एकदाही हातात धरून वाचला नाही, तिला अक्षरओळख नव्हती. तरी वाचणाऱ्याचं पान चुकलं की ती मागून सांगायची. बीडीडी चाळीतली आमची घरं आता पांगली. यंदा मी बस बदलून आलो आणि तिच्या जागेवर बसलो.

वांद्र्याहून

8 सप्टेंबरनंतरची मोत माउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा. आम्ही कोळी, हिंदू, तरी आजीपासून मेणाचा हात वाहतो. पायऱ्या सगळ्यांनी मिळूनच चढायच्या.

परळहून

मी मूळची नगरची, नर्स. घरी नाताळला करंज्या-शंकरपाळे, पहाटेची प्रभातफेरी. इथे येऊन तीन नाताळ झाले, तिन्ही रात्रपाळीत गेले. कुणाला दोष नाही, रुग्णाला सण नसतो. मागच्या वर्षी बारा वाजता मी औषधांच्या खोलीत जाऊन एक भजन पुटपुटले आणि परत आले. दुसरा सूर नव्हता. तुमच्या आजीचं वाचून आज रडले.

धागा सुरू करणारी

परळच्या ताई, 24 ला पाळी कुठे आणि मधली सुट्टी किती वाजता, एवढं मला कळवा. वॉर्डात आवाज नको, आम्ही फाटकाबाहेर उभे राहू. जुन्या मंडळीतले पाच जण आत्ताच हो म्हणालेत. पेटी मी आणते. टाळ तुमच्यासाठी एक जास्तीचा.