महिन्याला एकच रोल धुणाऱ्यांसाठी डेव्हलपर
महिन्याला कृष्णधवल फिल्मचा एखादाच रोल धुता, तर डी-७६ हे डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: रोडिनल घ्या. १८९१ पासूनचं हे द्रावण तपकिरी पडलं तरी वर्षानुवर्षं काम देतं. १ भागाला ५० भाग पाणी, एकदा वापरायचं आणि ओतून द्यायचं. फोटोत दाणा (बारीक ठिपक्यांचा पोत) ठळक येतो, पण गोदाघाटाच्या दगडी पायऱ्यांना तो शोभतो!

डी-७६ च हवं असेल, तर त्याचं द्रावण लहान काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा. भरलेली, घट्ट बंद बाटली ६ महिने टिकते, अर्धी जेमतेम २. नाशिकच्या एप्रिलात ती माळ्यावर नकोच.

एक्सटॉल हे तिसरं डेव्हलपर मात्र रंग न बदलता अचानक निकामी होतं. आधी फिल्मचा तुकडा उजेडातच त्यात बुडवा. काळा झाला तरच रोल टाका.